रिकाम्या गाड्यांची मोजदाद

महाभारतातला पांडू जन्मापासून फिकट होता. व्यासांचे उग्र रूप पाहून अंबालिका भीतीने पांढरी पडली, म्हणून तिचा पुत्रही तसाच निपजला, अशी कथा आहे. तिच्यात वैद्यकाचा भाग किती आणि कवीच्या कल्पनेचा किती, हा वाद बाजूला ठेवू. माणसाच्या फिकेपणाने आपल्या पूर्वजांचे लक्ष फार जुन्या काळीच वेधले होते, एवढे तिच्यावरून खास. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पांडुरोगाला एक सबंध अध्याय दिलेला आहे. त्यात लोहचूर्ण घालून केलेले नवायस आणि लोखंडाच्या कीटापासून, म्हणजे मंडुरापासून, केलेले वटक सांगितले आहेत. फिकट माणसाला लोखंड द्यावे हे आपल्या वैद्यांना अनुभवाने उमगले होते. ते लोखंड शरीरात जाते कोठे, कोणाला ते हवे आणि कोणाला नको, हे कळायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. त्या कळण्याची हकीगत मला येथे सांगायची आहे.

ती सांगण्याचा माझा अधिकार बेताचाच. शास्त्राशी माझी गाठ मॅट्रिकपर्यंतच पडली. पुढचे आयुष्य शाळेत शिकवण्यात आणि कादंबऱ्या लिहिण्यात चालले आहे. पण रक्ततपासणीच्या कागदावर ‘टी.आय.बी.सी.’ ही चार अक्षरे माझ्यासारख्या पुष्कळांनी पाहिली असतील आणि न समजताच कागद घडी घालून ठेवला असेल. ‘एकूण लोहबंधन क्षमता’ असा त्या अक्षरांचा अर्थ. रक्तात जे आहे ते तर मोजावेच, पण जी जागा रिकामी आहे तीही मोजावी, अशी एक नवलाची कल्पना त्यांच्यामागे आहे.

युरोपातही गोष्ट अनुभवाच्याच वाटेने सुरू झाली. तरुण मुलींना जडणाऱ्या फिकेपणाला तिकडे हिरवा रोग म्हणत, कारण कांतीवर हिरवट छटा दिसे. सतराव्या शतकात लंडनचा वैद्य टॉमस सिडनहॅम अशा रोग्यांना लोखंडाचा कीस द्राक्षाच्या दारूत भिजवून देई. १७४०च्या दशकात इटलीतील बोलोन्या येथे विन्चेन्झो मेंगिनी ह्याने रक्त जाळून त्याची राख केली आणि त्या राखेतले कण लोहचुंबकाला चिकटतात हे दाखविले. रक्तात लोखंड आहे ह्याचा तो डोळ्यांना दिसणारा पुरावा होता. १८३२ साली पिएर ब्लो ह्या फ्रेंच डॉक्टराने लोहाची गोळी प्रचारात आणली. फिकट मुली तिने बऱ्या होऊ लागल्या, तरी विद्वानांची शंका जाईना. पोटात घेतलेले लोखंड खरोखर रक्तात शिरते, की नुसतेच बाहेर पडते? १८९३ साली राल्फ स्टॉकमन ह्यांनी ते कातडीखाली टोचून दिले. पोटाचा संबंधच उरला नाही, तरी रक्त सुधारले. लोखंडापासूनच हिमोग्लोबिन बनते ही गोष्ट त्यानंतर नाकारणे कठीण झाले.

पुढचा टप्पा १९३७ चा. त्या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या. जर्मनीत हाइलमायर आणि प्लोटनर ह्यांनी सीरममधील लोहावर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटणारे पिवळसर पाणी. त्यात रक्ताच्या तांबड्या पेशी नसतात, तरीही थोडेसे लोह असते; ते वाटेवरचे लोह होय. त्याच वर्षी इंग्लंडात मॅकान्स आणि विडोसन ह्यांनी दाखविले, की शरीराला नको असलेले लोह बाहेर टाकण्याची म्हणावी तशी सोयच नाही. मीठ जास्त झाले तर लघवीवाटे जाते. लोहाचे तसे नाही. आत किती घ्यायचे एवढेच शरीराच्या हाती असते. एकदा आत आलेले लोह रक्तस्राव झाल्यावाचून फारसे जात नाही. लोखंड कोणालाही द्यावे, अपाय तर होणार नाही, ह्या समजुतीला हा मोठाच धक्का होता.

आता ही वाटेवरची वाहतूक कशी चालते ते पाहू. प्रौढ माणसाच्या शरीरात सारे मिळून तीन-चार ग्रॅम लोह असते. त्यातले बहुतेक तांबड्या पेशींत, काही यकृतासारख्या कोठारांत. नवे रक्त घडते हाडांच्या मगजात, आणि तेथे रोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह लागते. अन्नातून रोज मिळते ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. बाकीचे सारे जुन्या, मोडीत निघालेल्या पेशींतून परत मिळवावे लागते. काटकसरी गृहिणी जुनेराची गोधडी शिवते तशातलाच हा प्रकार. हे लोह एका जागेहून दुसऱ्या जागी मोकळे नेता येत नाही, कारण मोकळे लोह पेशींना जाळते. त्यासाठी यकृत एक खास प्रथिन तयार करते. त्याचे नाव ट्रान्सफेरिन. त्याला आपण गाडी म्हणू. प्रत्येक गाडीवर लोहाची दोनच पोती मावतात, म्हणजे लोहाचे दोन अणू. निरोगी माणसात साऱ्या गाड्यांवरच्या जागांपैकी एक तृतीयांशच्या आसपास भरलेल्या असतात, उरलेल्या रिकाम्या धावत असतात.

ह्या गाडीचा शोध मोठ्या आडवाटेने लागला. १९४४ साली अमेरिकेत शेड आणि कॅरोलिन हे दोघे संशोधक कोंबडीच्या अंड्याच्या कच्च्या पांढऱ्या बलकाचा जंतूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. बलक घातला की जंतूंची वाढ खुंटे. त्यांनी निरनिराळी मूलद्रव्ये घालून पाहिली. लोह घातल्यावर जंतू पुन्हा वाढू लागले. बलकातला कोणता तरी पदार्थ लोह पकडून ठेवतो आणि जंतूंना उपाशी मारतो, असा त्याचा अर्थ. १९४६ साली त्यांनी माणसाच्या रक्तातही तसाच पदार्थ असल्याचे प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी स्वीडनमध्ये होल्मबर्ग आणि लॉरेल ह्यांनी त्याला ट्रान्सफेरिन हे नाव दिले. लोह भरले की त्याचा रंग फिकट गुलाबी होतो. जे प्रथिन जंतूंची उपासमार करते तेच आपल्या मगजाला लोह पोहोचवते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तिचा उपयोग पुढे आहे.

लॉरेल ह्यांच्या कामातून आणि त्यानंतरच्या अभ्यासातून एक महत्त्वाचा नियम हाती आला. कोठारे रिती होऊ लागली, की यकृत जास्त गाड्या बांधते. दुष्काळात धान्य आणायला गावोगाव गाड्या पाठवाव्यात तशा ह्या रिकाम्या गाड्या रक्तातून हिंडू लागतात. उलट क्षयासारखा दीर्घ आजार किंवा सांध्यांची जुनाट सूज असेल, तर गाड्या कमी होतात आणि कोठारात लोह असूनही त्याला कुलूप लागते. हे कुलूप लावणाऱ्या हेप्सिडिन नावाच्या संप्रेरकाची ओळख २००१ च्या सुमारास पटली. जंतूंना लोह मिळू नये म्हणून शरीर आपल्याच कोठाराला कुलूप घालते. अंड्याच्या बलकाचीच ही युक्ती, मोठ्या प्रमाणावर.

आता वैद्यापुढची अडचण पाहा. दोघी बायका त्याच्याकडे आल्या. दोघींचे हिमोग्लोबिन कमी, दोघींच्या सीरममध्ये दर १०० मिलिलिटरला ३० मायक्रोग्रॅम लोह. सामान्यतः ते साधारण ६० ते १७० असायला हवे. नुसत्या लोहाच्या आकड्यावरून दोघी सारख्याच. पण पहिलीची एकूण क्षमता ४८० निघाली आणि दुसरीची २००. सर्वसाधारण माणसात ती अडीचशे ते साडेचारशेच्या दरम्यान असते. पहिलीच्या रक्तात रिकाम्या गाड्यांची झुंबड आहे. तिला लोह हवे आहे. दुसरीकडे गाड्याच थोड्या. तिचे कोठार बहुधा भरलेले आहे आणि कुलूप कोणत्या आजाराने लावले तो आजार शोधायला हवा. तिला नुसत्या गोळ्या देऊन परत पाठवले, तर आत वाढणारा क्षय तसाच वाढत राहील. रिकाम्या जागेचा आकडा एवढ्या मोलाचा आहे.

तो मोजायचा कसा? युक्ती सोपी आहे, हात मात्र फार लागतात. सीरममध्ये गरजेपेक्षा जास्त लोह ओतायचे, म्हणजे एकही गाडी रिकामी राहत नाही. मग जमिनीवर सांडलेली पोती झाडून काढायची आणि शेवटी गाड्यांवरचा सारा माल उतरवून मोजायचा. सांडलेले लोह झाडून काढण्यासाठी रॅम्झे ह्यांनी १९५७ साली मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड वापरली. पूड घालायची, हलवत राहायचे, पूड खाली बसण्यासाठी नळी सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायची, वरचे पाणी अलगद काढायचे आणि त्यात किती लोह आहे ते रंगावरून ठरवायचे. एक मिलिलिटर सीरममध्ये लोह असते ते एक मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. लोखंड तर सगळीकडे: धुळीत, पाण्यात, नळीच्या काचेला चिकटलेले. म्हणून भांडी आम्लाने धुवावी लागत. ज्या हातांनी ही कामे वर्षानुवर्षे केली त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात आलेली नाहीत.

त्याच १९५७ सालात अमेरिकेत क्लीव्हलंड येथील लेनर्ड स्केग्ज ह्यांनी आपल्या यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. निवृत्त सैनिकांच्या एका रुग्णालयात ते रसायनशास्त्रज्ञ होते. रोज येणाऱ्या रक्ताच्या नमुन्यांचा ढीग, आणि तपासणारी माणसे थोडी. प्रत्येक नमुन्यासाठी वेगळी नळी घेण्याऐवजी सारे नमुने एकाच बारीक नळीतून एकामागून एक वाहू द्यावेत, असे त्यांनी योजले. पण मग एकाचे रक्त दुसऱ्याच्या रक्तात मिसळणार नाही का? त्यावर त्यांनी काढलेला तोडगा शाळकरी पोरालाही समजेल असा आहे. प्रवाहात ठराविक अंतराने हवेचे बुडबुडे सोडायचे. बुडबुडा भिंतीसारखा मध्ये उभा राहतो आणि पुढे सरकताना नळीची आतली बाजू पुसूनही काढतो. लवचीक नळ्यांवरून रूळ फिरवून द्रव पुढे ढकलणारा पंप, पातळ पडद्यातून प्रथिने गाळणारे साधन, ऊन पाण्याचे कुंड, रंग मोजणारा डोळा आणि कागदावर रेघ काढणारी लेखणी, अशी ह्या यंत्राची मांडणी होती. स्केग्ज ह्यांनी ह्यापूर्वी कृत्रिम मूत्रपिंडावर काम केले होते. पडद्यातून गाळण्याची विद्या त्यांच्या हातात आधीच होती. टेक्निकॉन कंपनीने हे यंत्र ‘ऑटोअ‍ॅनालायझर’ ह्या नावाने बाजारात आणले, आणि दहा वर्षांच्या आत मोठ्या रुग्णालयांतील प्रयोगशाळांचे रूप पालटले.

१९६५ च्या सुमारास सीरममधील लोह मोजण्याचे कामही ह्या यंत्राला शिकवण्यात आले. आम्ल घातले की गाडी पोते सोडते. सुटलेले लोह पडद्यातून पलीकडे जाते, प्रथिने मागे राहतात. लोहाचा प्रश्न असा सुटला. रिकाम्या गाड्यांचा मात्र सुटेना, कारण तेथे ती पांढरी पूड आडवी आली. पूड बारीक नळीतून वाहत नाही, तिथेच बसते. म्हणून सांडलेले लोह झाडण्याचे काम माणसाने आधी हाताने करायचे आणि मग पाणी यंत्राला द्यायचे, अशी अर्धी यंत्राची, अर्धी हाताची पद्धत बरीच वर्षे चालली.

ह्यातून सुटका झाली ती प्रश्न उलटा विचारल्यामुळे. सांडलेली पोती झाडून टाकण्यापेक्षा तीच मोजली तर? किती पोती ओतली हे आपल्याला ठाऊक आहे. किती सांडली ते कळले, की उरलेली रिकाम्या गाड्यांवर चढली हे उघडच आहे. त्यासाठी मोकळे लोह तेवढे पकडील आणि गाडीवरच्या लोहाला हात लावणार नाही, असे रंगद्रव्य हवे. १९७० साली स्टूकी ह्यांनी फेरोझिन नावाचे द्रव्य पुढे आणले. लोह भेटताच ते जांभळट होते. द्रव अल्कधर्मी ठेवला की ट्रान्सफेरिन आपले लोह घट्ट धरून ठेवते आणि फेरोझिनच्या वाट्याला फक्त सांडलेले येते. ना पूड, ना सेंट्रिफ्यूजची दुसरी फेरी. मूळचे लोह आणि ही रिकामी जागा ह्यांची बेरीज केली, की एकूण क्षमता मिळते. पुढे आणखी एक रीत निघाली. तीत लोह आधी एका रंगद्रव्याला बांधलेले असते. द्रवाचे आम्लपण कमी केले, की रिकाम्या गाड्या ते त्याच्याकडून हिसकावून घेतात. रंग जितका उतरेल तितकी जागा रिकामी होती असे समजायचे. आज मोठ्या प्रयोगशाळेतील यंत्र हे सारे थेंबाच्याही अंशावर, काही मिनिटांत आणि मनुष्याचा हात न लागता उरकते.

१९७२ पासून फेरिटिन ह्या दुसऱ्या प्रथिनाची तपासणी हाती आली. ते कोठारातच किती शिल्लक आहे ते सांगते, म्हणून आज डॉक्टर पुष्कळदा आधी तीच करतात. पण अंगात सूज किंवा ताप असला की फेरिटिन फुगते आणि रिते कोठार भरलेले भासवते. तेव्हा रिकाम्या गाड्यांची साक्ष पुन्हा घ्यावी लागते.

ही हकीगत युरोप-अमेरिकेची खरी. पण ह्याच फिकेपणाच्या इतिहासात मुंबईचेही एक पान आहे. १९२८ साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण गरोदर बायकांच्या पांडुरोगाचा अभ्यास करायला मुंबईस आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायका बाळंतपणाच्या सुमारास फिकट होऊन दगावत. त्यांच्यापैकी अनेकींचा फिकेपणा लोहाने हटणारा नव्हता. विल्सबाईंनी त्यांना यीस्टचा अर्क, बाजारात मिळणारे साधे मार्माइट, दिले आणि त्या सुधारल्या. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल. फिकट बाई दिसली की लोखंड द्यावे, एवढ्यावर थांबता येत नाही हे परळच्या गिरणगावातल्यासारख्या कष्टकरी बायकांनी जगाला शिकविले.

आज फॉलिक आम्ल आणि लोह एकाच निळ्या गोळीतून शाळेतल्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा दिले जाते. ती वाटणाऱ्यांपैकी मी एक आहे, आणि ती योजना चांगलीच आहे असे माझे मत आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी देशात ५७ टक्के आणि महाराष्ट्रात ५४ टक्के पांडुरोगी आढळल्या. इतक्या जणींचे सीरम यंत्रात घालत बसणे शक्य नाही. गोळी स्वस्त आहे आणि बहुतेकींना हवीच आहे. पण ‘बहुतेक’ म्हणजे ‘सर्व’ नव्हे. २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण पाहणीत १० ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ४० टक्के फिकट निघाल्या, तर लोहाची उणीव ३१ टक्क्यांत होती. मुलांत हेच आकडे १८ आणि १२ होते. कोणी थॅलेसेमियाचा अंश घेऊन जन्मलेली असते, विदर्भातल्या कोणाला सिकलसेल असतो, कोणाच्या छातीत क्षय घर करीत असतो. चार महिने गोळी खाऊनही जिचा चेहरा तसाच राहतो, तिच्यासाठी ते यंत्र आहे. तिच्यापर्यंत ते पोहोचले पाहिजे.

आणि पोहोचल्यावरही एक गोष्ट उरते. गाडी बांधायला लाकूड लागते. ट्रान्सफेरिन हे प्रथिन आहे. ज्या मुलीच्या ताटात डाळ, दूध, अंडे काहीच पडत नाही तिचे यकृत गाड्या तरी कशाच्या बांधणार? अशा मुलीत लोह नाही आणि गाड्याही नाहीत. तिची एकूण क्षमता कमी येते. कागदावरचे आकडे मग त्या दुसऱ्या, कुलूप लागलेल्या बाईसारखे दिसू लागतात, आणि लोहाची खरी भुकेली पोर लोह पुरेसे असलेल्यांत गणली जाण्याचा धोका उभा राहतो. यंत्राने मोजणी चुकीची केलेली नसते. त्याने रिकाम्या गाड्या मोजल्या. ज्या बांधल्याच गेल्या नाहीत त्या त्याला दिसण्याचा मार्ग नाही. तेथे कागद बाजूला ठेवून मुलीकडेच पाहावे लागते.

म्हणून वाचकांना माझी विनंती एवढीच. घरातल्या लेकीसुनेचा असा कागद हाती आला, तर लोहाचा आकडा आणि एकूण क्षमतेचा आकडा शेजारी शेजारी ठेवून डॉक्टरांना विचारावे, की कमी नेमके काय आहे: माल, की गाड्या? आणि डॉक्टरांनी तिला उलट विचारावे, की घरात सर्वांत शेवटी कोण जेवते, आणि तोवर भांड्यात काय उरलेले असते.